नळातले अश्वत्थामे

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही. थेंब मोत्यासारखा गोळा होतो, घरंगळतो आणि जातो. म्हणून कशाचा भरवसा नसला की आपण ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो. ही करामत पानाच्या अंगावरच्या मेणचट, डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचवट्यांची असते. पानाचं फदफदं झालं किंवा ते उकिरड्यावर कुजलं की ती संपते. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी हाच गुण कापडाला, कागदाला, गालिच्याला आणि तव्याला देऊ केला. वर एक सुधारणाही केली: पाण्याबरोबर तेलही चिकटू नये. हे सगळं साधलं, पण ज्या पदार्थांनी साधलं ते कुजत मात्र नाहीत.

या पदार्थांच्या कुळाचं नाव पीएफएएस. कार्बनच्या साखळीवरचे हायड्रोजनचे अणू काढून तिथे फ्लुओरीन बसवला की हे कूळ तयार होतं. मोजणी कशी करता यावर त्याचा आकार ठरतो. काही हजारांपासून लाखोंपर्यंत. कार्बन आणि फ्लुओरीन यांचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात बळकट एकेरी बंधांपैकी एक. ऊन, जिवाणू, क्लोरीन, चुलीवरची उकळी यांपैकी कुणाचंच त्याच्यापुढे चालत नाही. २०१८ मध्ये अमेरिकी सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ जोसेफ ॲलन यांनी या पदार्थांना ‘कायमची रसायनं’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मराठीत काहीजण ‘चिरंजीवी रसायनं’ लिहितात. चिरंजीव हा आपल्याकडे आशीर्वाद, पण सात चिरंजीवांतला एकजण शापाने चिरंजीव झाला आहे. कपाळाची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा. उपमा बेतलेली वाटावी इतकी जुळते. एवढंच की ही मंडळी तेलालाही जवळ करत नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करू. यवतमाळ-चंद्रपूरच्या गावांत बोअरच्या पाण्याने दात पिवळे पडतात, हाडं वाकतात, तो फ्लोराइडचा त्रास. फ्लोराइड खडकातून झिरपतं, निसर्गातलं आहे, आणि लिटरला एक-दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की बाधतं. आपला विषय माणसाने घडवलेल्या रेणूंचा आहे आणि त्यांची मोजणी नॅनोग्रॅममध्ये होते. नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे किती, याचा मी एकदा हिशेब मांडला. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर ओळीने उभे करायचे आणि त्या सगळ्यांत मिळून एक थेंब टाकायचा. अमेरिकेने दोन प्रमुख रसायनांसाठी घातलेली मर्यादा आहे लिटरला चार नॅनोग्रॅम. पाच हजार टँकरांत चार थेंब.

एवढ्याशा मात्रेने काय होतं, हा प्रश्न रास्त आहे. तो सोडवणारा पुरावा मिळाला तो एका गुराख्याच्या हट्टामुळे.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात. १९३८ मध्ये ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकरणाच्या वायूंवर काम करत असताना एका नळकांड्यात पांढरी, बुळबुळीत भुकटी साठलेली सापडली. ते टेफ्लॉन. पहिला मोठा उपयोग अणुबाँबच्या कारखान्यात झाला, कारण युरेनियमच्या जहाल वायूला तोंड देईल असं दुसरं काही नव्हतं. टेफ्लॉन बनवताना साबणासारखं काम करणारं एक रसायन लागे, पीएफओए. कारखान्यातली माणसं त्याला ‘सी-८’ म्हणत. ते थ्रीएम कंपनी बनवायची आणि १९५१ पासून ड्यूपॉन्ट विकत घ्यायची. थ्रीएमचा दुसरा लाडका रेणू पीएफओएस. कापडावर डाग न पडू देणारा स्कॉचगार्ड आणि तेलाच्या आगी विझवणारा फेस, दोन्ही त्याच्यावर उभे राहिले.

टेफ्लॉनचा कारखाना वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळ, ओहायो नदीच्या काठी होता. शेजारचा शेतकरी विल्बर टेनंट याच्या गाई एकामागून एक मरू लागल्या. त्याच्या कुटुंबाने विकलेल्या जमिनीवर कंपनीने कचरा टाकायची जागा केली होती, आणि तिथून येणारा ओढा गाई प्यायच्या. टेनंटने मेलेल्या जनावरांची चिरफाड स्वतः करून तिचं चित्रीकरण केलं. गावातला एकही वकील उभा राहीना. १९९८ मध्ये तो सिनसिनाटीच्या रॉब बिलॉट यांच्याकडे गेला. बिलॉट यांची वकिलीची कंपनी एरवी रसायन कंपन्यांच्याच बाजूने लढायची. न्यायालयाने ड्यूपॉन्टला कागदपत्रं द्यायला लावली आणि पानांचा ढीग आला, एक लाखाच्या वर. त्यात सापडलं की १९८४ मध्येच कंपनीच्या माणसांनी आसपासच्या दुकानांतल्या नळांचं पाणी गुपचूप भरून नेऊन तपासलं होतं, आणि त्यात सी-८ मिळालं होतं. नगरपालिकेला कुणी सांगितलं नाही. नळ वाहत राहिले.

पुढे जे झालं ते रसायनांच्या इतिहासात क्वचितच होतं. २००४ च्या तडजोडीतल्या पैशांतून परिसरातल्या सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं. रक्त देणाऱ्याला चारशे डॉलर मिळाले, म्हणून माणसं रांगा लावून आली. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तीन साथरोगतज्ज्ञांनी सात वर्षं अभ्यास करून सहा विकारांशी संबंध जोडला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणकारी दाह, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. २०१७ मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास दाव्यांपोटी ६७.१ कोटी डॉलर मोजले गेले. बिलॉटवर ‘डार्क वॉटर्स’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात नायक एक वकील आहे, हे मला बोलकं वाटतं. पाणीपुरवठा खात्यातला माणूस त्या कथेत नायक होऊच शकत नव्हता.

खात्यातली माणसं वाईट असतात असं नाही. पाणी तपासायचं म्हणजे यादी घ्यायची: गढूळपणा, क्लोरीन, नायट्रेट, आर्सेनिक, ई-कोलाय. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे आकडा भरला की पाणी ‘पिण्यायोग्य’. यादीत जे नाही ते पाण्यातही नाही, असं कुणी लिहून देत नाही, पण व्यवहारात तसंच धरलं जातं. या प्रश्नाचा जगभरचा इतिहास वाचताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: शोध बहुतेक वेळा यादीबाहेरच्या माणसाने लावला आहे.

नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहराचं उदाहरण घ्या. शहर केप फिअर नदीचं पाणी पितं. नदीच्या वरच्या अंगाला फेएटव्हिलजवळ आधी ड्यूपॉन्टचा, २०१५ पासून तिच्यातून वेगळ्या झालेल्या केमूर्स कंपनीचा कारखाना. पीएफओए बदनाम झाल्यावर ड्यूपॉन्टने ‘जेनएक्स’ हा पर्याय आणला. डेटलेफ क्नापे या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांबरोबर नदीतले नमुने तपासले, तर शहर जिथून पाणी उचलतं तिथे जेनएक्स सरासरी लिटरला ६३१ नॅनोग्रॅम. २०१६ च्या नोव्हेंबरात हा शोधनिबंध छापून आला आणि पडून राहिला. २०१७ च्या जूनमध्ये स्थानिक दैनिकाने बातमी केली तेव्हा शहराला कळलं. मधले सात महिने माहिती जाहीर होती, पण ती कुणाचीच नव्हती. मराठी पत्रकारितेत वावरलेल्या माणसाला हे नवं नाही. अहवाल धूळ खात पडतो आणि बातमी मात्र ‘धक्कादायक खुलासा’ होते.

विल्मिंग्टनने पुढे ४.३ कोटी डॉलर खर्चून सक्रिय कोळशाच्या प्रचंड गाळण्या बांधल्या. २०२२ मध्ये त्या सुरू झाल्या. पाणी निवळलं. कोळसा मात्र दर काही महिन्यांनी बदलावा किंवा भट्टीत ताजा करावा लागतो, आणि ते बिल आधी येतं ते पाणी वापरणाऱ्याकडे. कंपनीकडून वसुली करायची तर न्यायालयात वर्षं जातात.

स्वीडनमधल्या रोन्नेबीची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे कारखानाच नव्हता. काल्लिंगे या भागाशेजारी हवाई दलाचा तळ. विमानाच्या इंधनाला आग लागली तर काय करायचं याचा सराव वर्षानुवर्षं व्हायचा आणि फेस जमिनीत मुरायचा. २०१३ च्या डिसेंबरात एका जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात ही रसायनं लिटरला दहा हजार नॅनोग्रॅमच्या वर सापडली. केंद्र तात्काळ बंद झालं, पण रक्तात साठलेलं बंद करता येत नाही. शास्त्रज्ञांनी तिथल्या रहिवाशांचं रक्त पुढे वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा कळलं की स्वच्छ पाणी सुरू झाल्यावरही पीएफओए निम्मं व्हायला पावणेतीन वर्षं लागतात, पीएफओएसला साडेतीनच्या आसपास, आणि फेसातल्याच पीएफएचएक्सएसला पाच वर्षांहून जास्त. मूत्रपिंड त्यांना बाहेर टाकायच्या ऐवजी परत आत ओढून घेतं. स्त्रियांच्या शरीरातून ती लवकर उतरतात, कारण मासिक रक्तस्राव, बाळंतपण आणि अंगावरचं दूध या वाटा त्यांना मिळतात. दुधाच्या वाटेचं दुसरं टोक कुठे जातं हे वेगळं सांगायला नको.

रोन्नेबीकरांनी खटला भरला तो नगरपालिकेच्या पाणी कंपनीवर. फेस बनवणारे दूर राहिले. २०२३ च्या डिसेंबरात स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रक्तात हे प्रमाण इतकं वाढलेलं असणं हीच शारीरिक इजा आहे. आजार व्हायची वाट पाहायची गरज नाही. या विषयातला मला माहीत असलेला हा सगळ्यात दूरगामी विचार आहे. एरवीचा कायदा विचारतो, आजार दाखवा आणि तो यानेच झाला हे सिद्ध करा. पाणी पिणाऱ्याला ते कधीच जमत नाही.

आता आजारांबद्दल नेमकं काय ठाऊक आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस पीएफओए पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं. पीएफओएस ‘शक्यता आहे’ या गटात. पण नियम कडक व्हायला कर्करोगापेक्षा दुसरंच एक निरीक्षण कारणीभूत ठरलं. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर फिलिप ग्रांजाँ यांनी मुलांचा अभ्यास केला. ज्यांच्या रक्तात ही रसायनं जास्त, त्यांच्यात घटसर्प-धनुर्वाताच्या लसीनंतर प्रतिपिंडं कमी तयार होत होती. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये याच प्रकारच्या पुराव्यावर मर्यादा बेतली: चार प्रमुख रसायनं मिळून आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हे दिवसाला ३८ नॅनोग्रॅमच्या आसपास पडतं, तेही अन्न-पाणी सगळं धरून. त्याच वर्षी युरोपीय संघाने पाण्यासाठी जी मर्यादा ठरवली ती मात्र वीस रसायनांच्या बेरजेला लिटरमागे शंभर. दिवसाला दोन लिटर पाणी प्यायलं तर दोनशे. ती बेरीज प्रामुख्याने त्या चारांचीच असेल, तर एकाच संघाच्या दोन आकड्यांत पाचपटीची फट आहे. डेन्मार्कने म्हणूनच चार रसायनांसाठी दोन नॅनोग्रॅम हा स्वतःचा आकडा घातला.

हे वाचून घाबरून जायचं कारण नाही, हेही सांगायला हवं. पार्कर्सबर्ग किंवा रोन्नेबीत आढळलेलं प्रमाण आणि एखाद्या सर्वसाधारण शहराच्या नळात आढळणारं प्रमाण यांत शेकडो पटींचं अंतर असतं. बहुतेकांच्या शरीरात ही रसायनं येतात ती जास्त करून अन्नातून. पाणी मुख्य रस्ता होतं ते स्रोतच बाधलेला असेल तिथे. घरच्या निर्लेप तव्याबद्दल नेहमी विचारणा होते. तव्यावरचा थर हा लांबलचक, बऱ्यापैकी निष्क्रिय बहुवारिक. रिकामा तवा फार तापवू नये एवढं पथ्य पुरे. प्रश्न आहे तो तवा बनवताना कारखान्याच्या नाल्यातून गेलेल्या पाण्याचा.

अमेरिकेत आकड्यांची ये-जा पाहण्यासारखी आहे. २०१६ मध्ये सल्ला होता, दोन रसायनं मिळून ७० नॅनोग्रॅमपर्यंत चालतील. २०२२ मध्ये पीएफओएसाठी तो ०.००४ वर आला. त्याच वर्षी स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की या मापाने जगात कुठलाच पाऊस पिण्याजोगा उरत नाही, तिबेटमधलाही नाही. मग एप्रिल २०२४ मध्ये पहिल्यांदा कायदेशीर मर्यादा आली: पीएफओए आणि पीएफओएसाठी ४, जेनएक्ससह आणखी तिघांसाठी १०. ध्येय शून्यच, पण प्रयोगशाळांना खात्रीने मोजता येईल असा आकडा चार. म्हणजे ही मर्यादा शरीराच्या सहनशक्तीपेक्षा यंत्राच्या नजरेवर बेतलेली आहे. वर्षभराने, मे २०२५ मध्ये, नव्या सरकारच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं की पहिली दोन ठेवू, मुदत २०३१ पर्यंत वाढवू, बाकीच्यांच्या मर्यादा मागे घेऊ. बाकीच्यांत जेनएक्सही आलं. ज्या रसायनामुळे विल्मिंग्टनने कोट्यवधी डॉलर घातले, तेच यादीतून उतरवायचं ठरलं.

थ्रीएमने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांना किमान १,०३० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि हा व्यवसाय सोडण्याची घोषणा त्याआधीच केली. रक्कम डोळे दिपवणारी आहे. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेने ७१६ ठिकाणचं पाणी तपासून अंदाज दिला की देशातल्या किमान ४५ टक्के नळांत यांपैकी एक तरी रसायन असावं. हा आकडा शेजारी ठेवला की ती रक्कम पुरणारी वाटत नाही.

मग पाणी स्वच्छ करायचं कसं? आपल्या शहरांतल्या जलशुद्धीकरण केंद्रांचा क्रम ठरलेला आहे: तुरटी, निवळण, वाळूची गाळणी, क्लोरीन. गाळ आणि जंतू जातात, ही रसायनं सरळ पार होतात. उकळल्याने पाणी आटतं, रसायनं तेवढीच राहतात. तांब्याचा हंडा काही करत नाही. कामाला येणारे उपाय तीन. सक्रिय कोळसा लांब साखळीची रसायनं पकडतो, आखूड साखळीची लवकर सोडून देतो. आयनांची अदलाबदल करणारी राळ आखूडांवर जरा बरी. तिसरा उपाय आरओ, त्याच्या पडद्यातून फारसं काही सुटत नाही.

आरओ म्हटलं की आमच्या सोसायटीतली एक मीटिंग आठवते. विक्रेत्याने टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवला आणि अर्धी सभा जिंकली. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. लिटरला हजार नॅनोग्रॅम पीएफएएस असलं तरी त्याचा काटा हलणार नाही. आणि आरओ जे पाणी बाजूला काढतो ते मोरीतून गटारात, गटारातून नदीत, नदीतून खालच्या गावाच्या उद्भवात. आपल्या स्वयंपाकघरापुरता प्रश्न सुटतो, म्हणजे तो खालच्या आळीला पाठवला जातो.

हे टोकाला गेलं की काय होतं ते जपानमधल्या किबिचुओ या छोट्या गावाने पाहिलं. ओकायामा प्रांतातल्या या गावच्या नळात लिटरला १,४०० नॅनोग्रॅम सापडले आणि २०२३ मध्ये ते जगजाहीर झालं. आसपास ना विमानतळ, ना मोठा कारखाना. शोध घेता धरणाच्या वरच्या बाजूला वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवलेल्या मोठ्या पिशव्यांवर बोट गेलं. त्यात काय होतं? वापरून झालेला सक्रिय कोळसा. कुठेतरी काहीतरी शुद्ध करून झालेला.

खरा नाश करायचा तर हजार अंशांच्या वर जाळावं लागतं, आणि अर्धवट जळालं तर धुराड्यातून परत हवेत. २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या विल्यम डिक्टेल यांच्या गटाने पीएफओएच्या जातीचे रेणू साध्या कॉस्टिक सोड्याने आणि एका नेहमीच्या द्रावकात शंभर अंशांच्या आसपास मोडून दाखवले. शोध सुंदर आहे, पण रसायन आधी गोळा करून दाट करावं लागतं. पाच हजार टँकरांतले चार थेंब कुणी वेचायचे हा प्रश्न उरतोच.

भारताकडे वळताना पुरावा एकदम विरळ होतो. गंगेच्या खोऱ्यातल्या नदीच्या आणि भूजलाच्या नमुन्यांवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही रसायनं सापडली, पण युरोप-अमेरिकेतल्या बाधित ठिकाणांच्या मानाने कमी. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या संशोधकांना शहरालगतच्या जलाशयांत आणि कचरा डेपोच्या परिसरातल्या पाण्यात ती मिळाली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००. २०१२ च्या त्या यादीत पीएफएएस नाही. अशा टिकाऊ विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात भारत २००६ पासून आहे. करारात पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये आलं. पण आपण प्रत्येक नव्या रसायनाला वेगळी संमती देण्याची सोय ठेवली आहे, आणि २०१८ च्या आपल्या नियमांत ज्या सात रसायनांवर बंदी आली त्यांत ही दोन्ही नाहीत. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपदार्थांच्या वेष्टनातून पीएफएएस हद्दपार करण्याचा मसुदा काढला. वेष्टनासाठी मसुदा आला, पाण्यासाठी अजून नाही.

मुंबईचं नशीब थोर, तिचं बरंचसं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा जंगलातल्या तलावांतून येतं. उल्हास नदीतून पाणी उचलणाऱ्या बदलापूर-कल्याण पट्ट्याला तसं म्हणता येत नाही. वरच्या अंगाला काय आहे ते तिथला रहिवासी नाकानेच सांगतो. शोधायचंच असेल तर कुठे शोधायचं हे जगाने दाखवून दिलं आहे: विमानतळ, तेलाचे डेपो, रिफायनऱ्या, क्रोम मुलाम्याचे कारखाने, कापडावर शेवटचा हात फिरवणारी युनिटं, कचरा डेपो. ही आरोपांची यादी नाही, नमुने कुठे घ्यायचे याची आहे.

आणि एक जागा अशी आहे की जिचं नाव घ्यायला इटलीतून यावं लागतं.

उत्तर इटलीत वेनेतो प्रांतात, विचेन्झाजवळच्या त्रिसिनो गावात मितेनी नावाचा कारखाना होता. मित्सुबिशी आणि एनी या दोन मालकांच्या नावांवरून ते नाव पडलं. कारखान्याखालच्या भूजलाचा साठा मोठा आणि त्यावर अनेक गावांचे नळ. २०१३ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी नद्यांचे नमुने घेताना प्रकरण उघड झालं. इथेही पाणी खात्याबाहेरच्यांनीच. साडेतीन लाखांहून अधिक लोक बाधित भागात होते. मुलांच्या रक्ताचे आकडे हातात आल्यावर आया रस्त्यावर उतरल्या, मुलाच्या रक्तातला आकडा छापलेले टी-शर्ट घालून. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली. २०२५ च्या जूनमध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, शिक्षांची बेरीज १४१ वर्षं.

मधल्या काळात, २०१९ मध्ये, दिवाळखोर मितेनीची मालमत्ता लिलावात निघाली. ती घेतली लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीने, उपकंपनीमार्फत. यंत्रं सुटी करून जहाजाने आली आणि रत्नागिरी जिल्ह्यात लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत उभी राहिली. यात लपवाछपवी नाही. कंपनीने शेअर बाजारात उतरताना हे स्वतः लिहून दिलं आहे. यंत्र आलं म्हणजे प्रदूषण आलं, असंही नाही. फ्लुओरीनयुक्त संयुगं औषधांत लागतात, कीटकनाशकांत लागतात, आणि सगळीच सारखी घातक नसतात. पण लोट्याच्या सांडपाण्याची आणि दाभोळ खाडीतल्या मेलेल्या माशांची तक्रार तिथले मच्छीमार ही यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत. जिथे साध्या सांडपाण्याच्या तक्रारीचा निकाल लागायला वर्षं गेली, तिथे नॅनोग्रॅमची नोंद कोण ठेवणार?

रोन्नेबी आणि विल्मिंग्टनला जे मिळालं नाही ते अजून लोट्याच्या परिसरात, वाशिष्ठी नदीच्या काठी मिळू शकतं: आजचा आकडा. वरचं पाणी, खालचं पाणी, खाडीतला गाळ, आसपासच्या विहिरी यांचे नमुने आता घेऊन ठेवले तर दहा वर्षांनी कुणावर खोटा आळ येणार नाही आणि कुणाला हात झटकताही येणार नाहीत. कंपनीलाही ते सोयीचंच आहे. नमुना घेण्याची रीत मात्र कडक. बाटली पॉलिप्रॉपिलिनची, झाकणाला टेफ्लॉनचा अंश नको. हातांना क्रीम नको. आणि पाणी झटकून टाकणारे कपडे अंगावर नकोत, कारण त्यांच्यावरच हे रसायन असू शकतं. म्हणजे चिपळूण-खेडच्या पावसात नमुना घ्यायला जाणाऱ्याने रेनकोट घरी ठेवायचा आणि भिजत जायचं. इरलं मिळालं तर चालेल.